मशीन घरी राहिलं

शेवटचा ब्लाउज दुपारी तीनला गेला.
हूक लावायचे होते,
देसायांची सून म्हणाली, राहू दे, मी लावते घरी.
मी शटर ओढलं
आणि बटणाच्या गळ्यात
उरलेली जरीची किनार बांधली.
पट्टा त्यानं चवथीतच खाल्ला होता.

म्हापशात नाक्यानाक्यावर नरकासूर उभे राहत होते.
गवताचं पोट, कागदाची छाती,
एकाचे हात अजून फुटपाथवर सुकत होते, दहा बोटं वर करून.
बटण त्यांच्यावर भुंकला नाही, हुंगून पुढे गेला.
पोरं मात्र पेट्या उतरवत होती टेम्पोतून,
त्या पेट्या बघितल्या आणि शेपूट आत.

मागच्या वर्षी ती रात्र
त्यानं मशीनखाली काढली, पायडलला पाठ लावून.
मी दोरा न ओवताच मशीन चालवलं
पहाटेपर्यंत,
थांबले की तो थरथरायचा.

म्हणून फोन केला होता डोंगरात.
सत्यवतीबाई म्हणाल्या, सुर्लाला या खुशाल,
आमच्याकडे कुत्रा चालतो,
फक्त कोंबड्यांची हमी तुम्ही द्यायची.
मी दिली.
जन्मात कुणाला जामीन राहिले नव्हते,
सख्ख्या भावालासुद्धा नाही.

कदंबच्या कंडक्टरनं मला पाहिलं, मग खाली पाहिलं.
"बाये, कोंबडा असता तर घेतला असता."

भाजी उतरवून बेळगावला परतणाऱ्या गाडीत
इराप्पानं जागा केली, पुढेच, त्याच्याशेजारी.
कुत्र्याचं नाव विचारलं. सांगितलं.
"आणि काज कुठाय?" म्हणाला,
आणि साखळीपर्यंत स्वतःच हसत राहिला.

केरी मागे पडलं. धरणाचं पाणी काळं होत गेलं.
मग घाट.
तिसऱ्या वळणावर बटणानं सकाळचा पाव परत केला
माझ्या मांडीवर, इस्त्रीच्या साडीवर.
इराप्पानं न बोलता मागे हात घातला
आणि कोबीचं एक पान पुढे केलं.
कोबीच्या पानानं काही पुसलं जात नाही.
तरी मी पुसत राहिले, तो देत राहिला.

वर थंडी होती, आणि शांतता इतकी
की बटणाला ती आवडेना.
कान टवकारून दारात बसला,
जणू कुणी आवाज चोरून नेलाय
आणि चोर अजून अंगणातच आहे.
मलाही झोप येईना.
बासष्ट वर्षांची बाई,
परक्या खाटेवर, पायांना काम नाही.

मग पहाटे आलीच पोरं.
चार पोरं आणि गुडघ्याएवढा नरकासूर,
पेंढ्याचा, डोळ्यांच्या जागी दोन बाटलीची झाकणं.
त्यांच्याकडे फटाका एकच होता, बहुधा बरेच दिवस जपलेला.
तो वाजला.
दरीनं तो ठेवून घेतला नाही,
परत केला, पुन्हा परत केला.

बटण आत पळाला.
खाटेखाली पाहिलं, कणगीमागे पाहिलं,
त्या घरात मशीन नव्हतं.
मग माझ्या पावलांपाशी आला
आणि पाठ लावून बसला, जागा ओळखीची असल्यासारखा.
आणि माझे पाय
खाली काही नसताना
मातीच्या जमिनीवर
टाच, चवडा, टाच, चवडा,
चालू लागले आपोआप.

किती वेळ, कोण जाणे. किमान तीन ब्लाउज झाले असतील.
त्याचा श्वास लांब झाला
तरी मी थांबले नाही.

उजाडलं तेव्हा तुळशीपाशी कारीट ठेवलं होतं.
फोडायला डावा पाय उचलला
आणि पोटरीत असा गोळा आला
की सत्यवतीबाईंच्या खांद्याला धरावं लागलं.
"घाट चालत चढलात की काय?"
घरात फोव कालवल्याचा वास येत होता, गुळाचा आणि ताकाचा.

अंगणात बटण कोंबड्यांकडे बघत होता.
कोंबड्या त्याच्या गळ्यातल्या जरीकडे.